कुत्र्याची पैदास व पिलांचा गुण

१९८० सालीं उजनी धरण पुरें झालें. त्यानंतर टेंभुर्णीच्या आसपास ऊंस वाढला व पुष्कळ कुटुंबें मळ्यांतील वस्तीवर राहूं लागलीं. वस्तीस राखणीचें कुत्रें हवेंच. परंतु गाय किंवा बैल घेतांना आपण जी पारख करतों, तिचा शतांशही कुत्र्याच्या पैदाशीकडे देत नाहीं. परिणामीं पुष्कळ पिलें रोगानें जातात, व उरलेल्यांपैकीं एखादें घरच्याच मुलावर धांवतें. भित्रें कुत्रें निरुपद्रवी असतें ही समजूत खोटी आहे. पुष्कळ वेळां भीतीमुळेंच तें चावतें.

आपल्या भागांतील नांवाजलेली जात म्हणजे कारवानी. हिलाच कर्नाटकांत मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं हिला आश्रय दिला. टपाल खात्यानें ९ जानेवारी २००५ रोजीं मुधोळ कुत्र्याचें तिकीट काढलें, व २०१६ सालीं लष्करानें कांहीं पिलें शिक्षणासाठीं मीरतेस नेलीं. नांव झालें कीं भाव येतो. आणि भाव आला कीं बाप-लेक, भाऊ-बहीण असा विचार न करतां जोड लावली जाते. अशा निकट संबंधानें रक्तांत दडलेले दोष दोन्हीं बाजूंनीं एकत्र येऊन उघडे पडतात. पिलें थोडीं व अशक्त होतात, आणि रोगाशीं झुंजण्याची शक्ति घटते.

पूर्वीं हीं कुत्रीं सशामागें सोडीत, म्हणून केवळ वेग पाहत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस मनाई केली. आतां राखण हेंच काम उरल्यामुळें शांत व धीट स्वभाव आधीं पाहिला पाहिजे. स्वभाव कांहीं अंशीं रक्तांतून येतो. चिडखोर किंवा बुजऱ्या कुत्रीची वीण वाढवूं नये.

कुत्री पहिल्याच माजावर लावूं नये. पैदास करून विकणाऱ्यांसाठीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं नियम केले. त्यांत कुत्रीचें वय किमान १८ महिने, वर्षांत एकच वीण, जन्मांत पांचांहून अधिक नाहींत, व ८ आठवड्यांच्या आंत पिलूं विकूं नये, असें सांगितलें आहे. घरगुती पैदाशीसही हें माप योग्य आहे.

गाभण काळ सुमारें ६३ दिवसांचा. या काळांत कुत्रीस भरपूर अन्न द्यावें. शिळ्या भाकरीच्या तुकड्यांवर तिची व पिलांची वाढ होत नाहीं. पिलांस दुसऱ्या आठवड्यापासून जंताचें औषध, सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी, व तीन महिन्यांचीं होतांच पिसाळ रोगाची लस पशुवैद्याकडून द्यावी. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिलूं जग ओळखतें. त्या वेळीं माणसें, मुलें, गुरें व ट्रॅक्टरचा आवाज त्यास हळूहळू परिचित करावा. आई व भावंडें यांच्या संगतींत तें किती जोरानें चावावें हें शिकतें. महिन्याचें पिलूं उचलून नेणारा मनुष्य हें शिक्षण बुडवितो.

सातबारा पाहिल्यावांचून जमिनीचा इसार कोणी देत नाहीं. त्याचप्रमाणें पिलाची आई समक्ष पाहिल्यावांचून, व बाप कोणता हें विचारल्यावांचून, पिलूं घरीं आणूं नये. ज्याच्या भरंवशावर रात्रीं मुलेंबाळें निजतात, त्याच्या कुळाची चौकशी करण्यास कोणासही संकोच वाटूं नये.