मोठे चाक व टायरची उंची : खडबडीत रस्त्यासाठी योग्य निवड

शेतमाल शेतात कितीही उत्तम पिकला तरी तो बाजारापर्यंत सुखरूप पोहोचल्याखेरीज त्याचे मोल पदरात पडत नाही. धर्माबादचा मोंढा लाल मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मात्र या भागातील काळी चिकण जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावरून जाणारे रस्ते खचतात आणि त्यांना वारंवार खड्डे पडतात. पूर्वी या वाटेने बैलगाडी जात असे. आता बहुतेक माल जीप किंवा पिकअपमधून जातो. दिवसा मिरचीची पोती व खताच्या गोण्या वाहणारे हेच वाहन रात्री-अपरात्री आजारी माणसाला नांदेडच्या रुग्णालयात नेते. सबब त्याचे चाक ही हौसेची नव्हे, तर संसाराची बाब आहे.

अलीकडे काही वाहनमालक मूळ रिमा काढून त्यांच्या जागी अधिक मोठ्या, चकचकीत रिमा बसवून घेतात. मोठ्या चाकाला खड्डा जाणवत नाही, असे ते सांगतात. या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहू.

बैलगाडीच्या चाकाचा दाखला

मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, हे खरे आहे. एक फूट रुंदीच्या खड्ड्यात पाच फूट व्यासाचे चाक सुमारे दीड सेंटिमीटर खाली जाते, तर ७४ सेंटिमीटर व्यासाचे चाक तीन सेंटिमीटरांहून अधिक खाली जाते. आपल्या जुन्या गाडीची चाके मोठी असण्याचे हे एक कारण होय. परंतु त्या चाकावर लोखंडी धाव असे. बसणारा प्रत्येक हादरा आरे, तुंबा व आख यांच्यावाटे गाडीला व बैलांच्या मानेला सोसावा लागे. अरुंद धावेमुळे वाटेत खोल चाकोऱ्याही पडत.

१८८८ साली जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर व्यवहारात आणला. पुढे तो बैलगाडीलाही बसला. टायरगाडीचे चाक जुन्या चाकाहून लहान असूनही बैलांचे ओढण्याचे कष्ट कमी झाले, कारण हादरा हवेने झेलला आणि रुंद टायर जमिनीत कमी रुतला. यावरून दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात येईल. पहिली चाकाचा बाहेरचा व्यास व दुसरी रिम आणि रस्ता यांमधील हवेची गादी.

टायरवरील आकडे

समजा, टायरवर २३५/६५ आर १७ असे लिहिले आहे. यातील २३५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ याचा अर्थ, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी व १७ हा रिमचा व्यास इंचांत आहे. आता पुढील तीन मापे पाहावीत.

२३५/६५ आर १७ : बाजूची उंची १५३ मि.मी., पूर्ण चाक ७३७ मि.मी.
२३५/६० आर १८ : बाजूची उंची १४१ मि.मी., पूर्ण चाक ७३९ मि.मी.
२३५/५५ आर १९ : बाजूची उंची १२९ मि.मी., पूर्ण चाक ७४१ मि.मी.

रिम दोन इंचांनी वाढली, परंतु पूर्ण चाक केवळ ४ मिलिमीटरने वाढले. म्हणजे ते पूर्वीइतकेच खड्ड्यात उतरणार. उलट हवेची गादी २४ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ एक इंचाने कमी झाली. डोळ्यांना चाक मोठे दिसते, पण वाढले ते लोखंड व घटली ती हवा. याउलट २१५/७५ आर १५ या मापात रिम लहान असूनही बाजूची उंची १६१ मिलिमीटर मिळते.

नुकसान कसे होते?

बाजू उंचीला कमी असलेला टायर वेगाने खड्ड्याच्या धारेवर आदळला की, ती धार व रिमची कड यांच्यामध्ये चिमटला जातो. आतील दोरे तुटतात व बाजूला फुगा येतो. रिम वाकते किंवा तडकते. फुगा आलेला टायर ठिगळ लावून सुधारत नाही. तो केव्हा फुटेल याचा नेम नसल्याने तत्काळ बदलावा. डांबरी महामार्गावर अशा टायरने वळणावर वाहन अधिक स्थिर राहते, हा त्याचा गुण आहे. परंतु पाणंद रस्त्यावर त्याचा उपयोग नाही.

निवड करताना

१. वाहन बनविणाऱ्याने मान्य केलेल्या मापांपैकी ज्यात बाजूची उंची अधिक असेल ते माप घ्यावे. त्याहून उंच टायर घेऊ नये. उंच रचलेल्या पोत्यांनी वाहन डोलते, चाक मडगार्डला घासते व वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो.

२. मापापुढे लिहिलेला भारांक पाहावा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो व १०४ म्हणजे ९०० किलो भार. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर कधीही घेऊ नये.

३. हवा टायर थंड असताना, कंपनीने सांगितल्याइतकीच भरावी. कमी हवेचा टायर खड्ड्यात लवकर चिमटतो, तर फाजील हवेचा टायर हादरा झेलत नाही.

४. टायरवरील चार आकडी खूण वाचावी. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुना पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

५. स्टेपनी त्याच मापाची ठेवावी व तिचीही हवा तपासावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी मिरचीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील वाहनमालकांना एकत्र बोलवावे, त्यांच्याच टायरवरील आकडे त्यांच्याकडून वाचून घ्यावेत व बाजूची उंची काढून दाखवावी. रुंदीला टक्क्यांनी गुणून शंभराने भागावे, इतकेच हे गणित आहे. रिमेवर होणारा खर्च चांगल्या टायरवर व वेळेवर भरलेल्या हवेवर झाल्यास माल मोंढ्यात वेळेवर पोहोचेल आणि वाहनातील माणसेही सुखरूप घरी परततील.