थांबलेल्या नर्मदेवर दोन दिवस

हाटपिपल्याच्या शिवारात पडणारा पाऊस नर्मदेला मिळत नाही. बागलीजवळच्या डोंगरात उगम पावलेली कालीसिंध हे पाणी उत्तरेस चंबळेकडे नेते. चंबळ ते यमुनेला देते आणि यमुना गंगेला. मात्र बागली ओलांडून विंध्याचा उतार लागला, की प्रत्येक ओहोळ दक्षिणेकडे धाव घेतो. म्हणूनच की काय, आमच्या गावाला गंगेचे पाणी जवळचे असूनही सुटीच्या दिवशी पाय वळतात ते नर्मदेकडे. कोणी नेमावरला सिद्धनाथाच्या दर्शनाला जातो, कोणी ओंकारेश्वरी, तर कोणी धाराजीला. २०१६ मध्ये इंदिरासागराच्या काठी हनुवंतियाचा जलमहोत्सव सुरू झाल्यापासून नौकाविहार आणि मासेमारी यांसाठी दोन दिवसांची सहल काढण्याची हौसही आपल्या मराठी कुटुंबांत वाढली आहे. हौस चांगली आहे. परंतु ज्या पाण्यावर आपण होडी लोटतो, ते आज कोणते पाणी आहे, याचा विचार त्या हौसेबरोबर वाढलेला दिसत नाही.

धाराजीचेच उदाहरण घ्या. देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील हे स्थान. येथे नर्मदा खडकांच्या फटींतून अनेक धारांनी खाली कोसळत असे. धारांखालच्या कुंडात दगड प्रवाहाबरोबर गरगर फिरत, एकमेकांवर आणि खडकावर घासले जात, आणि वर्षानुवर्षांच्या या घर्षणाने त्यांना तो नितळ लांबट आकार येई. त्यांनाच आपण नर्मदेचे बाण म्हणतो. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीने कोरलेले रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही क्रिया सहज उमगेल. आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात पंचायतनात बसलेला बाण हे अशा वाहत्या पाण्याचेच शिल्प होय.

आज धाराजीला त्या धारा दिसत नाहीत. वरच्या अंगाला पुनासा येथे इंदिरासागर धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयासाठी २००४ मध्ये हरसूदसारखे नांदते शहर रिकामे झाले. खालच्या अंगाला २००७ मध्ये ओंकारेश्वर धरण पूर्ण झाले. दोहोंच्या मधला नदीचा पट्टा ओंकारेश्वराच्या जलाशयात गेला आणि धाराजीचा प्रपात पाण्याखाली निजला. यात्रा अजून भरते, स्नाने होतात. पण जेथे पूर्वी पाण्याचा घोष कानी येई, तेथे आता वल्ह्याचा आवाज ऐकू येतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र या जलाशयावर दोन दिवस होतो. नावाडी परवानाधारक मच्छीमार होता. गळ त्याचा, आम्ही केवळ प्रेक्षक. आमच्यापैकी दोघे कट्टर शाकाहारी. तथापि गळाच्या दोरीकडे डोळे लावून बसण्याच्या बाबतीत आहारभेद आड येत नाही, हे त्या सकाळी सिद्ध झाले! धुके विरळ होत होते, पाणी आरशासारखे होते, आणि तासभर कोणीही राजकारणावर एक शब्द बोलले नाही. चार मराठी माणसे एकत्र असता ही काही लहान गोष्ट नव्हे.

दोन दिवसांत जाळ्यात आणि गळाला मिळून कटला आले, मृगळ आले. बाडस मात्र आला नाही. बाडस म्हणजे महाशीर. सोनेरी खवल्यांचा, प्रवाहाविरुद्ध झुंजणारा मासा. नावाड्याचे वडील कणकेची गोळी लावून धारांच्या तोंडाशी तो धरीत. नावाड्याच्या मुलाने तो गळाला लागलेला पाहिलेला नाही.

याचे कारण माशाच्या स्वभावात आहे. बाडसाला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी हवे. पावसाळ्यात तो प्रवाहावर चढत जातो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. धरणाने चढण्याची वाट अडते आणि संथ पाण्यात गाळ बसून गोटे झाकले जातात. कटला, रोहू, मृगळ हेही साठलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. पण त्यांचे बीज केंद्रांत तयार करून जलाशयात सोडतात, म्हणून ते टिकून आहेत. मध्य प्रदेश शासनाने २०११ मध्ये महाशीरला राज्यमत्स्याचा मान दिला आणि बडवाहच्या वनविभागाने त्याच्या पैदाशीचे प्रयत्नही केले. मान मिळाला, प्रवाह कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरला आहे.

प्रवाह थांबला म्हणून पाणी निर्धोक झाले, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ७ एप्रिल २००५ ची रात्र या परिसराला विसरता येणार नाही. भूतडी अमावस्येच्या यात्रेसाठी हजारो लोक धाराजीच्या खडकांवर उतरले होते. दिवस उन्हाळ्याचे. नदी त्या ऋतूत कशी वागते, हे यात्रेकरूंना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु त्या रात्री इंदिरासागरातून वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी अचानक चढले आणि साठांहून अधिक माणसे गेली. धरणाचे वेळापत्रक आणि यात्रेचे पंचांग यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. जुने नदीज्ञान खोटे नव्हते; ते ज्या नदीचे होते, ती नदी उरली नव्हती.

पूर्वी पाणी चढायचे ते आभाळ पाहून. आता ते यंत्रगृहातील निर्णयानेही चढते. इंदिरासागराची वीजक्षमता १००० मेगावॉट आणि ओंकारेश्वराची ५२०. विजेची मागणी वाढली की पाणी सुटते, मग आकाश निरभ्र असो वा नसो. म्हणून धरणाच्या खाली नदीपात्रातील खडकावर चूल मांडणे, तंबू ठोकणे किंवा मुलांना डुंबायला सोडणे हे साहस नव्हे, अविचार होय. भोंगा वाजला की सामान आवरत न बसता माणसांनी आधी काठ गाठावा.

जलाशयाचा धोका निराळा. दुपारनंतर वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात आणि काठालगत बुडालेल्या झाडांचे बुंधे होडीच्या तळाला लागतात. जाणता मच्छीमार पहाटे निघतो आणि ऊन चढण्याआधी परततो, त्याचे इंगित हेच. सप्टेंबर २०१९ मध्ये भोपाळात गणेशविसर्जनाच्या वेळी होड्या उलटून ११ तरुण बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये बडोद्याच्या हरणी तलावावर शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका प्राणास मुकल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि पुरेशी लाइफ जॅकेटे नव्हती. ज्यांच्या हवाली पालक आपली मुले करतात, त्या आम्हा शिक्षकांनी ही वार्ता केवळ हळहळून सोडून देण्याजोगी नाही. सहलीच्या संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी होडीची क्षमता आणि जॅकेटांची संख्या विचारण्याचा पालकांनाही अधिकार आहे.

आणखी दोन गोष्टी हौशी गळकऱ्यांसाठी. मोठ्या जलाशयांत परवानगीवाचून गळ टाकू नये. ते पाणी परवानाधारक मच्छीमारांच्या पोटाचे साधन आहे. दुसरे असे, की १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ असून त्यात आपल्या राज्यात मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत काठावर मासे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. आणि दैवयोगाने कधी गळाला बाडस लागलाच, तर त्याला हलक्या हाताने पाण्यात परत सोडावे.

आपल्या घरातील बाण नर्मदेने घडविले, तेव्हा ती वाहत होती. त्या प्रवाहाची आठवण देवघरात जपणाऱ्या माणसाने आजच्या थांबलेल्या नर्मदेवरही सावधपणे उतरावे आणि तिच्यात उरले आहे तेवढे तरी राहू द्यावे. सहलीची मजा त्याने तसूभरही उणी होत नाही.