फिरंग : पाते परदेशी, मूठ दख्खनी
(मावळची शस्त्रे : लेखांक ५)

फिरंग ही सरळ, लांब पात्याची मराठा तलवार. तिचे पाते बहुधा युरोपात घडवलेले असते आणि मूठ दख्खनमध्ये बसवलेली असते. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यानंतर त्यांच्या जहाजांतून अशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली, आणि सतराव्या शतकापर्यंत जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या शस्त्रगावांचा माल इथे चांगला ओळखीचा झाला होता. बंदरातला माल देशावर चढायचा तो घाटवाटांनी. महाडहून वरंध घाटाने हिरडस मावळात, म्हणजे आजच्या भोर तालुक्यात येता येते. वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, मढे घाट आणि उपांड्या घाट चढतात. तोरणा आणि राजगड या वाटांच्या माथ्याशी उभे आहेत. फिरंगेसारखे समुद्रमार्गे आलेले शस्त्र डोंगरी मुलखात कसे रुजले, याचे अर्धे उत्तर या भूगोलात आहे.

उरलेले अर्धे उत्तर मुठीत आहे. युरोपी पाते हलके आणि लवचिक, पण मुठीकडचा त्याचा भाग इथल्या झुंजीला अपुरा पडे. दख्खनी कारागिराने त्यावर फार शहाणा उपाय काढला. मुठीपासून निघणाऱ्या दोन लांब लोखंडी पट्ट्या त्याने पात्याच्या दोन्ही बाजूंना खिळ्यांनी जखडल्या, त्यामुळे पात्याचा बुंधा मजबूत झाला. हातावर रुंद वाटीसारखे कवच आले, बोटांपुढे परज आली, आतून कापडाची किंवा मखमलीची गादी लागली. मुठीच्या शेवटी बसकी कटोरी आणि तिच्यातून बाहेर आलेला जाड दांडा असतो. दोन्ही हातांनी वार करायचा झाल्यास दुसरा हात या दांड्यावर पडतो. घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार आणि सरळ भोसकणे, दोन्ही या तलवारीने साधते. वक्र तलवारीची ओढून कापण्याची ताकद मात्र तिच्यात कमी.

साध्या वक्र तलवारीची जोडणी वेगळी. तिच्या पात्याचे आखूड शेपूट मुठीच्या पोकळीत बसवून राळेने पक्के करतात. मूठ तापवली की राळ सुटते आणि पाते बदलता येते. म्हणूनच जुन्या तलवारींत पाते एका शतकाचे आणि मूठ दुसऱ्या शतकाची असे वारंवार आढळते. तलवारीचे वय सांगताना दोन्हींचे वय स्वतंत्रपणे पाहावे लागते.

पाते कसे घडते आणि घडवणारा कसा ओळखला जातो, याबाबत जपानशी तुलना उपयोगी पडते. जपानी तलवारीचे पोलाद लोहवाळूपासून तयार होते. मातीच्या मोठ्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा यांचे थर तीन-तीन दिवस पेटते ठेवून ते काढतात. लोहार ते पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकतो. शेवटी पात्यावर माती लिंपतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि लालबुंद पाते पाण्यात बुडवतात. धार झटकन निवून कडक होते, पाठ हळू निवून चिवट राहते; पात्याचा बाकही याच क्षणी वाढतो. घडवणारा आपले नाव मुठीत झाकल्या जाणाऱ्या शेपटावर कोरतो, त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीच्या लोहारांच्या गुरुपरंपरा आजही सांगता येतात.

दख्खनमध्येही पोलादाची विद्या तितकीच थोर होती. तेलंगणातल्या कोनसमुद्रम परिसरात लोखंड बंद मातीच्या मुशीत तापवून, सावकाश निववून पोलादाच्या वड्या काढत. या वड्या इराणपर्यंत जात. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास असे. हे पोलाद मंद लाल आचेवर ठोकले तरच पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे जव्हर, उमटते. आच वाढली की ते नाहीसे होते. हिराकशीच्या द्रावणाने ते उठून दिसते. भोरला लागून असलेल्या महाबळेश्वराच्या डोंगरात धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढत. विलायती स्वस्त लोखंड आणि जंगलावरचे निर्बंध यांनी तो धंदा बुडाला. गावागावांत लोहार, फिरते घिसाडी आणि धार लावणारे शिकलगार होते. पण जपानी लोहारासारखे यांचे नाव पात्यावर सहसा येत नाही. आपल्याकडे तलवारीला नाव मिळते ते मालकाचे किंवा देवीचे, घडवणाऱ्याचे नाही, आणि ही फार मोठी हानी आहे.

तलवारीचा मान मात्र मावळाने नीट नोंदवून ठेवला. कारी (ता. भोर) येथील कान्होजी जेधे अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, म्हणजे दरबारातला अग्रमान, जेध्यांकडे होता. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जात असताना हिरडस मावळच्या बांदलांच्या सैन्याने खिंड लढवली, त्यात शिंद (ता. भोर) येथील बाजीप्रभू देशपांडे पडले. पुढे तो पहिला मान बांदलांना मिळाला. जेधे घराण्याच्या करीन्यात ही हकीकत येते.

पात्यावरच्या खुणांबाबत सावध राहणे भाग आहे. जेनोवाच्या पात्यांवरची दातेरी कोयत्यांसारखी जोडखूण भारतीय लोहारांनी सर्रास नकललेली आहे. त्यामुळे खूण युरोपी म्हणून पाते युरोपी, असे म्हणता येत नाही. उलट, लॅटिन अक्षरे दिसली की तलवार लुटीची, हाही तर्क चुकीचा. बहुतेक पाती व्यापारातून आली. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाकडे गेलेली आणि आता ब्रिटिश राजसंग्रहात असलेली जगदंबा तलवार युरोपी पात्याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे आहेत. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. तिचे सरळ पातेही युरोपी आहे आणि पाठीवरच्या सोन्याच्या देवनागरी लेखात तिला ‘फिरंग’च म्हटले आहे.

भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घराण्यांत देवघरात किंवा वाड्यात ठेवलेल्या तलवारी दसऱ्याला पूजेसाठी बाहेर निघतात. लिंबू, चिंच किंवा वाळूकागद लावून त्या लखलखीत करू नयेत. अशा घासण्याने जव्हर, सोन्याचे काम आणि लेख कायमचे जातात. सुती कापडाने पुसून हलके यंत्रतेल लावणे पुरेसे आहे. चामडी म्यानात ओल धरते, म्हणून पाते म्यानाबाहेर ठेवावे. मूठ आणि पाते वेगळे करण्याचा प्रयत्न घरी करू नये. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुनी शस्त्रे एकत्र पाहायची असल्यास पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळचे आहे. दांडपट्टा आणि त्याचे बाहुपर्यंत येणारे कवच यांचा विचार पुढील लेखांकात.