खाऱ्या पाण्यातील पिवळा उजेड



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मजुरीचा किंवा बोनसचा एखादा प्रश्न आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. 'अणूंतील इलेक्ट्रॉनांची मांडणी' असे आम्ही सांगितले आणि ते क्षणभर थबकले. त्यांची शंका रास्त होती. आमचे शाळेतले शिक्षण अर्धवट सुटले. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या दारावरील सभांत आणि रात्री वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत. परंतु या विषयाकडे आम्ही हौसेने गेलो नाही. एका विहिरीने आम्हाला तिकडे नेले.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणांस सांगावयास नको. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर या बाजूंना वर काळीभोर कपाशीची जमीन आणि खाली तोंडात धरवत नाही असे पाणी. या पट्ट्यातील एका गावी जिनिंगच्या कामगारांची वस्ती होती आणि वस्तीला एकच विहीर होती. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा टँकर मिळावा असा अर्ज आम्ही केला. उत्तरादाखल तपासणीचा एक कागद आला. त्यावर 'सोडियम' या शब्दापुढे एक आकडा होता. कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, "पाणी चालण्यासारखे आहे. आकडा यंत्राचा आहे आणि यंत्र खोटे बोलत नाही."

आम्ही परत येऊन हे सांगितले, तेव्हा रुई वेचणारी एक म्हातारी बाई म्हणाली, "काहो भाऊ, पानी खारं हाय हे जिभीले समजते, मंग मशीनले कायले पाह्यजे?"

प्रश्न बिनतोड होता. जिभेची साक्ष कार्यालयात चालत नाही, एवढेच उत्तर त्या वेळी आमच्याजवळ होते. मग आम्ही ठरविले की हे यंत्र काय पाहते, ते आपण समजून घ्यावयाचे. जे आम्हाला कळले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

या यंत्राला ज्योत-प्रकाशमापक म्हणतात. पाण्याचे बारीक तुषार ज्योतीत सोडावयाचे, ज्योतीचा रंग एका गाळणीतून पाहावयाचा आणि उजेड किती पडला ते मोजावयाचे. सोडियमचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या पाण्याशी त्याची तुलना केली की आकडा निघतो. मिठाचा खडा चुलीत पडला की जाळ पिवळा होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. यंत्र तेच पाहते, फक्त मोजून पाहते. बुन्सेन आणि किर्खोफ या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या ज्योतीचा उजेड लोलकातून पाहिला तर त्यात ठरावीक जागी ठरावीक रेषा दिसतात. सोडियमची पिवळी रेषा नीट पाहिली तर एक नसून दोन आहेत, एक ५८९.० आणि दुसरी ५८९.६ नॅनोमीटर लांबीच्या लहरींची.

पिवळाच रंग का? आणि रेषा दोनच का? याचे उत्तर अणूच्या आत आहे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन असतात. ते कसे राहतात हे समजण्यासाठी आपण गिरणीकामगारांची एक चाळ डोळ्यांपुढे आणू. पहिल्या मजल्यावर एकच दालन, 'एस' नावाचे. त्यात एक खोली. दुसऱ्या मजल्यावर दोन दालने: एस आणि पी. पी दालनात तीन खोल्या. तिसऱ्या मजल्यावर आणखी एक डी दालन, पाच खोल्यांचे. चौथ्यावर एफ, सात खोल्यांचे. एका खोलीत जास्तीत जास्त दोन बिऱ्हाडकरू; आणि दोघे राहिलेच तर त्यांची गिरकी एकमेकांविरुद्ध दिशेची असली पाहिजे. हा नियम वुल्फगांग पाउली याने १९२५ साली मांडला. एस, पी, डी, एफ ही नावे जुन्या वर्णपट-निरीक्षकांची आहेत. त्यांनी रेषांच्या मालिकांना शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज आणि फंडामेंटल असे म्हटले होते; म्हणजे तीक्ष्ण, मुख्य, पसरट आणि मूलभूत. त्यांची आद्याक्षरे तेवढी उरली. अर्थात चाळ ही समजुतीपुरती. खरा इलेक्ट्रॉन खोलीत बसून राहत नाही, तो ढगासारखा पसरलेला असतो. पण हिशेब चाळीचाच लागू पडतो.

ज्या खोलीचे भाडे कमी, ती आधी भरते. भाडे म्हणजे ऊर्जा. सोडियमचे इलेक्ट्रॉन अकरा. पहिल्या मजल्यावर एसमध्ये दोन, दुसऱ्यावर एसमध्ये दोन आणि पीमध्ये सहा, असे दहा झाले. अकरावा तिसऱ्या मजल्यावर एसमध्ये एकटा. सोडियमचा सारा स्वभाव या एकट्याचा आहे. मांडणी सर्वांत कमी भाड्याची असते तेव्हा तिला अणूची मूळ स्थिती म्हणतात.

आता अशी स्थिती थोडक्यात लिहावयाची कशी? त्यासाठी एक चिन्ह असते. हेन्री नॉरिस रसेल आणि फ्रेडरिक साँडर्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली जी पद्धत दाखविली, तिच्यावर ते आधारलेले आहे. त्याचे तीन भाग. मधले अक्षर सर्व इलेक्ट्रॉनांच्या भ्रमणाची बेरीज सांगते: बेरीज शून्य तर एस, एक तर पी, दोन तर डी, तीन तर एफ. अक्षरे तीच, पण दालनाचे अक्षर एकट्या इलेक्ट्रॉनाचे आणि हे अक्षर साऱ्या संघाचे. डाव्या खांद्यावरील आकडा गिरक्यांची बेरीज सांगतो. प्रत्येकाची गिरकी अर्धी. बेरीज दुप्पट करून एक मिळवावयाचा. उजव्या पायाशी असलेला आकडा भ्रमण आणि गिरकी मिळून होणारी एकूण बेरीज सांगतो. पूर्ण भरलेल्या दालनांत सर्व बेरजा शून्य होतात, म्हणून त्यांच्याकडे पाहावे लागत नाही. छपाईच्या सोयीसाठी आम्ही हे तीन भाग एका ओळीत लिहितो.

सोडियमचा हिशेब पाहा. एकटा इलेक्ट्रॉन एस दालनात. भ्रमण शून्य, म्हणून अक्षर एस. गिरकी अर्धी, दुप्पट एक, अधिक एक, म्हणजे दोन. एकूण बेरीज अर्धी. चिन्ह झाले: २ एस १/२. ज्योतीच्या उष्णतेने हा एकटा शेजारच्या पी दालनात चढतो. तेथे भ्रमण एक. त्यात अर्धी गिरकी मिळवली तर दीड, वजा केली तर अर्धे. म्हणजे चढलेल्या स्थिती दोन: २ पी ३/२ आणि २ पी १/२. दोहोंच्या ऊर्जेत किंचित फरक. तेथून इलेक्ट्रॉन मूळ जागी उतरतो आणि उतरताना उरलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने देतो. दोन पायऱ्यांवरून उतरणे, म्हणून दोन पिवळ्या रेषा. विहिरीच्या कागदावरील आकडा या उतरण्यातून आलेला होता.

येथे एक शंका यावी. मग खारे पाणी पिवळे का दिसत नाही? कारण पाण्यात सोडियमने आपला अकरावा इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. उरलेल्या दहांची दालने पूर्ण भरलेली. चिन्ह १ एस ०. त्याला दृश्य उजेडात काही सांगावयाचे नसते. ज्योतीत गेल्यावर इलेक्ट्रॉन परत मिळतो आणि मग तो बोलू लागतो.

एकाहून अधिक एकटे असतील तर काय? येथे फ्रीडरिश हुंड या जर्मन शास्त्रज्ञाचे १९२५ ते १९२७ या काळातील नियम उपयोगी पडतात. अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या एस. टी.त पाहा. बाके रिकामी असतील तर प्रत्येक उतारू वेगळे बाक धरतो. दुसऱ्याच्या शेजारी बसणे अगदी शेवटी. सारख्या भाड्याच्या खोल्यांत इलेक्ट्रॉनही तसेच करतात आणि वेगवेगळे बसले असता सर्वांच्या गिरक्या एकाच दिशेच्या ठेवतात. हा पहिला नियम. दुसरा असा की, तेवढे सांभाळून भ्रमणाची बेरीज जास्तीत जास्त करावयाची. तिसरा असा की, दालन अर्ध्याहून कमी भरले असेल तर पायाचा आकडा लहानात लहान आणि अधिक भरले असेल तर मोठ्यात मोठा.

आपल्या वऱ्हाडचा कापूस घ्या. त्याचा तंतू मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांचा. हायड्रोजन एकट्या इलेक्ट्रॉनाचा: २ एस १/२. कार्बनच्या पी दालनात दोन. दोघे वेगळ्या खोल्यांत, गिरक्यांची बेरीज एक, म्हणून खांद्यावर तीन. भ्रमण एक, दालन अर्ध्याहून कमी, म्हणून पायाशी शून्य: ३ पी ०. ऑक्सिजनच्या पी दालनात चार; एक जोडी झाली, दोघे एकटे राहिले. खांदा आणि अक्षर कार्बनचेच, पण दालन अर्ध्याहून अधिक भरलेले, म्हणून पायाशी दोन: ३ पी २. दोघांच्या मध्ये बसणारा नायट्रोजन, ज्याच्यासाठी आपण युरियाची पोती आणतो, तो तिन्ही खोल्यांत एकेकटा: ४ एस ३/२. वही-पेन्सिल घेऊन ही चार चिन्हे ज्याने काढली, त्याला हा विषय कळला असे समजावे.

नियम म्हटला की अपवाद आला, हे संघटनेत काम करणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. चौथ्या मजल्यावरील एस तिसऱ्यावरील डीच्या आधी भरतो. पण क्रोमियममध्ये चौथ्यावरील एक इलेक्ट्रॉन खाली डीत येतो, पाचही खोल्यांत एकेक बसतो आणि चिन्ह होते ७ एस ३. तांब्यात डी पूर्ण भरून एसमध्ये एकटा उरतो: २ एस १/२. म्हणजे सोडियमचेच चिन्ह! सोने, चांदी, पोटॅशियम यांचेही तेच. तेव्हा नुसत्या चिन्हावरून माणूस ओळखू नये. सोबत मजल्यांची मांडणीही पाहावी. अणू जड होत गेले की भ्रमण आणि गिरकी वेगळ्या धरण्याची ही पद्धतच सैल पडते. १०३ क्रमांकाच्या लॉरेन्शियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन डी दालनात जावा अशी साध्या क्रमाची अपेक्षा; प्रगत हिशेब मात्र पी सांगतात, चिन्ह २ पी १/२. त्याचा इलेक्ट्रॉन काढावयास लागणारी ऊर्जा २०१५ साली मोजली गेली, ती या हिशेबाशी जुळली.

आणि रंगावरून घाई केल्यास काय होते, याचा एक दाखला आपल्या जुन्या मराठी संस्थानातला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल याने पटवर्धनांच्या जमखंडीहून, जे आज कर्नाटकात आहे, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील नारिंगी रेषा त्याने सोडियमचीच धरली. त्याचे उपकरण तेवढेच दाखवू शकत होते. त्याच वर्षी अधिक काटेकोर मोजमापे झाली आणि रेषा सोडियमच्या जागी नाही, ५८७.६ ला आहे, हे ठरले. ते हेलियम होते. पृथ्वीवर ते रॅमसे याने वेगळे केले १८९५ साली. हेलियमची मूळ स्थिती १ एस ०. त्याची ही पिवळी रेषा मूळ स्थितीला शिवतही नाही, वरच्या दोन स्थितींच्या मधली आहे. रंग सारखा, पण कहाणी निराळी.

आता पुन्हा विहिरीकडे. एवढे शिकल्यावर आम्ही त्या कार्यालयात गेलो, ते यंत्राशी भांडावयास नव्हे. यंत्राचे खरेच होते. इलेक्ट्रॉनाला कोणाची बाजू घ्यावयाची नसते. ज्योतीत जेवढा सोडियम गेला तेवढाच उजेड पडला. आम्ही एकच विचारले, "बाटली केव्हा भरली?" कागदावर तारीख होती सप्टेंबरची. भर पावसाळ्यानंतर, पावसाच्या पाण्याने विहीर भरलेली असताना. आमचा अर्ज होता मे महिन्याचा. मेमध्ये आमच्यासमोर पुन्हा बाटली भरली गेली आणि आकडा पुष्कळ चढला. एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडाही आम्ही या वेळी मागून घेतला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. आमचा आकडा त्याही पलीकडे होता. टँकर सुरू झाला; पण उन्हाळा अर्धा सरून गेल्यावर.

शेतकरी बंधूंनाही याचा उपयोग आहे. सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो. कॅल्शियम, ज्याचे दोन इलेक्ट्रॉन चौथ्या मजल्यावर एस दालनात जोडीने असतात, दोन देतो. मातीच्या कणांना सोडियम चिकटला की माती विखुरते, चोपण होते, पाणी मुरत नाही. जिप्सम टाकले असता त्यातील एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवून त्यांची जागा घेतो. मात्र उठलेला सोडियम वाहून जाण्यास निचरा हवा. म्हणून मातीच्या कागदावर नुसता सोडियम पाहू नये; कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे.

ती म्हातारी बाई आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही तिला वेळेवर देऊ शकलो, हे समाधान आहे. जिभेला खारे कळते, किती खारे ते ज्योत सांगते. आणि कोणत्या दिवशीचे खारे, हे माणसाने विचारावे लागते. शेवटचे काम यंत्राचे नाही, आपले आहे. आपल्या गावच्या पाण्याचा कागद आपल्या हाती येईल तेव्हा तो घडी घालून ठेवू नका. आधी तारीख वाचा.