महिन्याच्या बाजाराचं गणित

हार्बर लाइनवर नेरूळहून पनवेलला यायला अर्धा तासही लागत नाही. भारतातल्या किराणा व्यापाराचा गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वात यशस्वी प्रयोग याच पट्ट्यात रुजला. १९९९ मध्ये राधाकिशन दमाणी या शेअर बाजारातल्या नावाजलेल्या गुंतवणूकदाराने नेरूळला 'अपना बाजार'ची फ्रँचायझी चालवायला घेतली. जोडीला होते दामोदर मॉल, हिंदुस्तान लिव्हरच्या तालमीत तयार झालेले. तूरडाळ आणि साबणाच्या वड्या विकून पैसा कसा उभा राहतो, हे दोघांना स्वतः गल्ल्याजवळ उभे राहून पाहायचे होते. पुढच्याच वर्षी अव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी स्थापन झाली, २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले आणि मार्च २०२५ अखेर देशभरातल्या दुकानांची संख्या ४१५ झाली.

पनवेल आणि खारघरच्या डी-मार्टमध्ये पगाराच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी गेले की ट्रॉली मिळवण्यापासूनच रांग असते. कळंबोलीतला ट्रान्सपोर्टवाला, कामोठ्यातले शिक्षक नवरा-बायको, रसायनीच्या कारखान्यातला फिटर, गव्हाणहून सहाआसनीने आलेले अख्खे कुटुंब. यादी प्रत्येकाच्या हातात असते आणि बिलावर यादीबाहेरच्या चार वस्तू तरी निघतातच. दहा किलो तांदूळ, पाच लिटर तेल आणि वर एक प्लॅस्टिकची बादली. या बादलीचे महत्त्व पुढे येईलच.

ज्या पाटीखाली दमाणींनी हे शिक्षण घेतले, ती संस्था महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. अपना बाजार १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांच्या सहकारातून उभा राहिला. टंचाईचे आणि रेशनचे दिवस होते. माप खरे, भाव ठरलेला आणि माल भेसळीशिवाय, एवढीच मागणी होती आणि ती त्या काळी फार मोठी होती. १९६८ मध्ये नायगावात त्यांचे डिपार्टमेंट स्टोअर सुरू झाले. एकाच छताखाली धान्य, कापड, औषधे आणि भांडी मिळण्याची सवय गिरणगावातल्या माणसाला अशी लागली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले. कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याची मागणी नोंदवायची, माल एकगठ्ठा घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. मॉल येण्याच्या कितीतरी आधी मराठी मध्यमवर्गाने घाऊक खरेदीची ताकद ओळखली होती, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

पुढे सहकाराची दमछाक झाली. नव्या शाखांसाठी, संगणकांसाठी, गोदामांसाठी भांडवल लागते आणि सभासदांच्या छोट्या भागांतून ते उभे राहत नाही. दोन हजार सालानंतर मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या तेव्हा अपना बाजारचा पसारा आटत गेला, आणि 'सहकारी भांडार' या मुंबईतल्या दुसऱ्या सहकारी साखळीने रिलायन्सशी हातमिळवणी केली. नियत चांगली होती, गिऱ्हाईकही होते. खरेदीची ताकद मात्र दुसरीकडे गेली.

किराणा व्यापारात नफा माल विकताना होत नाही, विकत घेताना होतो. वाशीच्या दाणा बाजारातला कोणताही जुना व्यापारी हे सांगेल, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते पाळून दाखवणारे थोडे. आपल्याकडे पाकीटबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. करांसह ती छापण्याचा नियम १९९० पासूनचा. म्हणजे वरचा भाव कंपनीनेच ठरवून दिलेला. दुकानदाराला खेळायला जागा उरते ती त्याच्या खाली. कोपऱ्यावरचा वाणी छापील किमतीला विकतो, कारण वितरकाकडून त्याला मिळणारी सूट तुटपुंजी असते. डी-मार्ट तीच वस्तू काही रुपये कमी घेऊन विकते आणि किती वाचले ते बिलाच्या तळाशी छापून देते. ती सूट येते कुठून? पुरवठादाराचे पैसे लवकर देण्यातून. मोठी दुकाने पुरवठादारांची बिले महिना-दोन महिने अडकवून ठेवतात, हा या धंद्यातला जुना रिवाज. डी-मार्टने पैसे काही दिवसांतच चुकते करायची पद्धत ठेवली. हातात रोख आली की पुरवठादार भाव कमी करतो, शिवाय टंचाईच्या दिवसांत आधी याच दुकानाचा ट्रक भरतो. दुकानातला माल साधारण महिनाभरात विकला जातो, आणि पैसा पुन्हा खरेदीला मोकळा होतो.

दुसरी गोष्ट जागेची. डी-मार्टची बहुतेक दुकाने स्वतःच्या मालकीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या जागेत आहेत. त्यामुळे दरवर्षी वाढणाऱ्या भाड्याचा ताप नाही. मॉलमधल्या झगमगाटात जाण्याऐवजी कंपनीने गावाच्या वाढत्या कडेला, जिथे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या तिथे साधी, खोक्यासारखी इमारत बांधली. आत रॅक, ट्यूबलाइट आणि माल. सगळ्या देशात एकदम पसरण्याचा मोहही टाळला. महाराष्ट्र आणि गुजरातेत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दुकाने काढली, म्हणजे एका गोदामातून निघालेला ट्रक अनेक ठिकाणी रिकामा होतो.

याची किंमत होती वेग. पंधरा वर्षांत फक्त १२०च्या आसपास दुकाने झाली. त्या काळात बरेच लोक या कंपनीला मंद म्हणत. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विकलेला शेअर बाजारात नोंदला गेला तो पहिल्याच दिवशी दुपटीहून वर, आणि बोलण्याचा सूर बदलला. २०२४-२५ मध्ये कंपनीची उलाढाल ५९ हजार कोटी रुपयांच्या पुढे होती आणि निव्वळ नफा सुमारे २,७०० कोटी. शंभर रुपयांच्या विक्रीमागे साडेचार रुपये. त्या शंभरातले सुमारे ८५ रुपये मालाच्या खरेदीतच जातात, आणि उरलेल्या पंधरात पगार, वीज, वाहतूक, कर सगळे बसवावे लागते. इतक्या बारीक धाग्यावर हा डोलारा उभा आहे. खर्चात दोन-तीन रुपये इकडेतिकडे झाले की संपले.

ते कसे संपते याचा धडा फार दूर नाही. किशोर बियाणींच्या फ्युचर ग्रुपने २००१ मध्ये बिग बझार सुरू केले, आणि ग्राहकाची नस त्यांच्याइतकी फार थोड्यांना कळली होती. भारतीय गिऱ्हाईक चकचकीत शांततेत बुजते, त्याला गर्दी, ढीग आणि आरडाओरडा हवा असतो, हे त्यांनी ओळखले. २६ जानेवारी २००६ ला 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला तेव्हा अनेक ठिकाणी दुकानांची शटर ओढून घ्यावी लागली, इतके लोक लोटले. जुनी वस्तू द्या, नवी सवलतीत घ्या, ही कल्पनाही त्यांचीच. कल्पकतेच्या हिशेबात बियाणी दमाणींच्या पुढेच होते, असे म्हणायला हरकत नाही.

पण वाढ कर्जावर झाली. कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स, विमा, खाद्यपदार्थांचे स्वतःचे ब्रँड, एकापुढे एक नवे धंदे उघडले गेले, आणि जागा बहुतांशी भाड्याच्या. २०१२ मध्ये कर्जाच्या ओझ्यापायी पँटालून्स आदित्य बिर्ला समूहाला द्यावे लागले. तिथे थांबता आले असते. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने समूहातल्या फ्युचर कूपन्स या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला. मग कोविड आला, दुकाने बंद झाली, भाडे आणि व्याज मात्र चालूच राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा व्यवहार ठरला, अ‍ॅमेझॉन तो अडवायला न्यायालयात गेली आणि दीड वर्ष लढाई चालली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ताब्यात घेतलेली दुकाने एका रात्रीत पाट्या बदलण्यासाठी बंद झाली. ज्या जागांचे भाडे थकले होते, त्यांचे करार रिलायन्सने आधीच आपल्या नावावर केले होते. एप्रिलमध्ये मूळ व्यवहार मोडला आणि जुलैमध्ये फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. इथे सर्वात जास्त वाईट वाटते ते त्या दुकानांना माल देणाऱ्या छोट्या पुरवठादारांचे, ज्यांची बिले अडकून पडली.

चेन्नईच्या सुभिक्षाची गत याआधीच झाली होती. १९९७ मध्ये सुरू झालेली ही साखळी काही वर्षांत दीड हजारांवर दुकानांपर्यंत पोचली आणि २००९ च्या सुरुवातीला पगार आणि पुरवठादार दोन्ही थकवून बंद पडली.

हाच फरक अमेरिकेतही दिसला होता. तिथे १९६२ या एकाच वर्षी वॉलमार्ट आणि केमार्ट अशा दोन्ही साखळ्यांची पहिली दुकाने उघडली. केमार्ट मोठ्या शहरांकडे धावली; सॅम वॉल्टन अर्कान्सातल्या छोट्या गावांत राहिले आणि गोदामापासून ट्रक एका दिवसात जाऊन येईल तेवढ्याच टापूत दुकाने काढत गेले. २००२ मध्ये केमार्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. दमाणींच्या रीतीत वॉल्टन यांची छाया स्पष्ट दिसते.

पनवेलला हे सगळे वेगळ्या अर्थाने कळण्यासारखे आहे, कारण या गावाने व्यापार येताना आणि जाताना पाहिला आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला तेव्हा मुंबईचा माल आणि माणूस गलबताने पनवेल बंदरात उतरून पुढे पुण्याला जाई. गाव भरभराटले, १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, राज्यातल्या सर्वात जुन्यांपैकी एक. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली, पण कल्याण-कर्जतमार्गे, आणि पनवेल आडबाजूला पडले. मग १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली, पाठोपाठ द्रुतगती मार्ग. कळंबोलीपासून उरणपर्यंत गोदामांची रांग लागली. मिरची गल्ली आणि टपाल नाक्यावरच्या पिढीजात दुकानांनी हे सगळे चढउतार पेलले आहेत. मिरची गल्लीत अजूनही लग्नाच्या आचाऱ्याची यादी घेऊन माणसे येतात, कारण मसाल्याची प्रत नाकाने तपासून घ्यायची सोय पाकिटात नसते.

या दुकानदारांची तक्रार खरी आहे आणि ती गांभीर्याने ऐकायला हवी. एकच टूथपेस्ट मोठ्या खरेदीदाराला एका भावाने आणि गल्लीतल्या वितरकाला दुसऱ्या भावाने मिळते. याच प्रश्नावर वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात कोलगेटच्या मालाशी असहकार पुकारला होता. त्यांचा रोख मोठ्या घाऊक आणि ऑनलाइन कंपन्यांना मिळणाऱ्या जादा सवलतीवर होता. उधारीची वही सांभाळणारा, रात्री साडेदहाला अर्धा किलो साखर देणारा आणि अडीअडचणीला पैशाचा तगादा न लावणारा वाणी ही सेवा देतो, पण तिची नोंद कोणत्याही बिलात होत नाही.

गंमत म्हणजे आता डी-मार्टलाच नव्या प्रतिस्पर्ध्याला तोंड द्यावे लागते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिमाहीचे निकाल आले तेव्हा दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्रीवाढ साडेपाच टक्क्यांवर घसरलेली होती, आणि महानगरांतल्या मोठ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम होत असल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. त्यानंतर बाजार उघडताच शेअर जोरात कोसळला. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी महिन्याच्या यादीचे तुकडे केले: कोथिंबीर आज, दूध उद्या, साबण संपला की तेव्हा.

आता ती बादली. डाळ-तांदळात फारसे मार्जिन नसते. कपडे, भांडी, प्लॅस्टिकच्या वस्तू यांवर ते बरेच जास्त असते. लोक किराण्यासाठी दुकानात येतात आणि जाता जाता चादर, टिफिन, मुलाची चड्डी उचलतात. डी-मार्टच्या विक्रीत या सटरफटर मालाचा वाटा कोविडच्या आधी २७ टक्क्यांच्या पुढे होता, आता तो २२-२३ टक्क्यांच्या घरात आहे. मोबाइलवर किराणा मागवणाऱ्या बाईला बादली दिसतच नाही, आणि मीशोसारख्या अ‍ॅपवर ती आणखी स्वस्त मिळते. दहा मिनिटांची स्पर्धा तेल-साखरेची विक्री थोडी कमी करील, पण खरा घाव नफ्याच्या या भागावर बसतो. कंपनीने डी-मार्ट रेडी ही स्वतःची ऑनलाइन सेवा २०१७ च्या सुमारास मुंबईत सुरू केली. तिथेही घाई केली नाही. दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरली नाही, आणि जिथे परवडत नाही अशा काही शहरांतून मागेही आली.

नेतृत्वही बदलले. हिंदुस्तान लिव्हरमधूनच आलेले आणि २००४ पासून कंपनीत असलेले प्रमुख नेव्हिल नोरोन्हा पायउतार होतील आणि युनिलिव्हरचे अंशुल असावा त्यांची जागा घेतील, असे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. असावांपुढचा अवघड प्रश्न जमिनीचा आहे, आणि तो पनवेलमध्ये डोळ्यांना दिसतो. सिडकोच्या नव्या वसाहती उभ्या राहत होत्या तेव्हा दुकानासाठी प्लॉट घेणे परवडत होते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि उलवे, करंजाडे, नैना या टापूतल्या जागेचे भाव चढले. तिथे राहायला येणारी तरुण कुटुंबे हेच डी-मार्टचे नेमके गिऱ्हाईक. पण आजच्या भावाने जमीन घेऊन शंभरामागच्या साडेचार रुपयांत ती फेडायला किती वर्षे लागतील, याचे उत्तर प्रत्येक प्लॉटसाठी वेगळे काढावे लागणार. २०२४-२५ मध्ये कंपनीने ५० नवी दुकाने उघडली, आणि यापुढे जास्त जागा साध्या भाड्याने घ्याव्या लागल्या, तर आजवर बियाणी आणि दमाणी यांच्यात जो फरक होता, तो पुसट होत जाईल.