दमट उन्हाळा, दूध आणि माज

जास्त दुधाच्या होल्स्टीन गाईला तापमान-आर्द्रता निर्देशांक 72 च्या पुढे गेला की उकाडा बाधू लागतो. कल्याण-डोंबिवलीत 33 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असली, तर हाच निर्देशांक 86 च्या घरात जातो. खाडीकाठच्या दमट हवेत घाम नीट सुकत नाही. गाय धापा टाकते, लाळ गाळते, चारा कमी खाते आणि दूध घटतं.

गाभण राहण्यावरचा परिणाम जास्त चिवट असतो. माज मुका राहतो, म्हणजे लक्षणं ठळक दिसत नाहीत, आणि लवकर ओसरतो. सोट (माजातला चिकट स्राव) दिसते का, हे पहाटे आणि रात्री उशिरा मुद्दाम बघावं लागतं. रेतन झालं तरी पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णतेने दगावू शकतो. बीजांड पक्व व्हायला बराच काळ लागत असल्याने मे महिन्याची झळ पावसाळ्यातही जाणवते, आणि गाय उलटत राहते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही.

नुसते फवारे सोडून इथे भागत नाही, गोठ्यातला दमटपणा तेवढा वाढतो. अंग पुरतं भिजवून लगेच पंख्याचा जोरदार झोत हवा. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आढळणारी कोकण कपिला मात्र ही हवा सहज सोसते. दूध मोजकंच देते, तरी छोट्या शेतकऱ्याने तिचा विचार जरूर करावा.