ब्रँडेड वर्कस्टेशन घ्यावे की असेंबल करून घ्यावे?

घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आर्किटेक्चर, इंटिरिअर, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी ॲनिमेशन शिकू लागली की वर्ष-दोन वर्षांत एक मागणी हमखास पुढे येते. लॅपटॉपवर आता भागत नाही, मोठे मशीन हवे. मग घरात दोन पक्ष पडतात. आयटी कंपनीत काम करणारे चाचा म्हणतात, नावाजलेल्या कंपनीचे वर्कस्टेशन घ्या, डोक्याला ताप नको. रात्ररात्र गेम खेळणारा खालाचा मुलगा सांगतो, तेवढ्याच ताकदीचा कॉम्प्युटर मी लॅमिंग्टन रोडवरून बराच स्वस्तात असेंबल करून आणतो. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. पैसे मात्र अब्बांना मोजायचे असतात. शिवाय हे मशीन हौसेचे नाही, त्यावर उद्या घरातली एक कमाई उभी राहायची आहे.

वर्कस्टेशन म्हणजे व्यावसायिक कामासाठी बनवलेला दणकट संगणक. डेलचे प्रिसिजन (2025 मध्ये त्याचे नाव डेल प्रो मॅक्स झाले), एचपीचे झेड, लेनोवोचे थिंकस्टेशन ही त्यातली ठळक नावे. ॲपलचा मॅक स्टुडिओही याच रांगेतला. त्यांची किंमत जास्त का, याचे उत्तर केवळ 'नावाचे पैसे' असे नाही. नावाचे पैसे असतातच. 2019 च्या मॅक प्रोला चाके हवी असतील तर अमेरिकेत त्यांचेच 400 डॉलर वेगळे मोजावे लागत. पण त्यापलीकडे ग्राहकाला तीन गोष्टी मिळतात. त्या आपल्या उपयोगाच्या आहेत का, एवढेच तपासायचे.

पहिली, ईसीसी रॅम. संगणकाच्या मेमरीत क्वचित एखादा बिट आपोआप पालटतो, शून्याचा एक होतो. ईसीसी रॅम ही चूक ओळखून जागीच दुरुस्त करते. इमारतीच्या स्ट्रक्चरचे गणित रात्रभर चालवणाऱ्या इंजिनिअरला तिचे मोल आहे. लग्नाचा व्हिडिओ कापणाऱ्याला फारसे नाही. आणि वर्कस्टेशनच्या स्वस्त मॉडेलमध्ये पुष्कळदा साधीच रॅम असते, तेव्हा नावावर न जाता विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमाणपत्र. सॉलिडवर्क्ससारखे सॉफ्टवेअर ठरावीक व्यावसायिक ग्राफिक्स कार्डांवर तपासून त्यांची यादी जाहीर करते. गेमिंगची जीफोर्स कार्डे त्या यादीत नसतात. ती चालत नाहीत असे नाही, पण मॉडेल पडद्यावर वेडेवाकडे दिसू लागले आणि मदतीसाठी फोन केला, तर पहिला प्रश्न कार्डाचा येतो. मेकॅनिकल डिझाइनच्या क्षेत्रात जाणाऱ्याने हे गंभीरपणे घ्यावे. उलट ब्लेंडर, दा विंची रिझॉल्व्ह, व्ही-रे यांना जीफोर्स उत्तम चालते. एनव्हिडियाने 2019 पासून अशा कामांसाठी जीफोर्सलाही वेगळे 'स्टुडिओ' ड्रायव्हर दिले आहेत.

तिसरी गोष्ट सेवेची. माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो.

मशीन बंद पडले तर काय होते, याची कल्पना करा. चांगल्या वर्कस्टेशनवर बहुधा तीन वर्षांची ऑन-साइट वॉरंटी असते. एका नंबरावर फोन केला की कंपनीचा माणूस भाग घेऊन घरी येतो. असेंबल केलेल्या मशीनची वॉरंटी भागाभागांत वाटलेली असते. प्रोसेसरची वेगळी, मदरबोर्डाची वेगळी, एसएसडीची वेगळी. एकेका भागाची मुदत ब्रँडेडपेक्षा जास्तच असू शकते. चांगल्या एसएमपीएसला सात किंवा दहा वर्षेही मिळतात. पण बिघाड नेमका कुठल्या भागात आहे हे आधी आपण शोधायचे, मग तो भाग सर्व्हिस सेंटरला पोहोचवायचा आणि वाट पाहायची. ग्राफिक्स कार्ड गेले तर कधी आठवडे जातात. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला दुकानदार तात्पुरते दुसरे कार्ड लावून देईल. मंडणगड किंवा अक्कलकुव्याच्या मुलाने काय करायचे?

याला एक पुरवणी आहे. 'ऑन-साइट' हा शब्द कागदावर असला तरी आपल्या पिनकोडवर ती सेवा किती दिवसांत मिळते, हे खरेदीआधी लेखी विचारावे. तालुक्याच्या गावी 'दुसऱ्या दिवशी'चा अर्थ पुष्कळ बदलतो. आणि दुबईत नोकरी करणाऱ्या मामूंकडून कार्ड किंवा प्रोसेसर मागवायचा बेत असेल, तर अनेक भागांची वॉरंटी खरेदी झालेल्या देशापुरतीच असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. सुटे भाग घेऊन संगणक जोडता येतो याला कारण आहे. 1981 मध्ये आयबीएमने आपला पीसी खुल्या रचनेचा ठेवला, आणि 1995 मध्ये इंटेलने मदरबोर्ड व एसएमपीएसच्या मापांसाठी एटीएक्स हे प्रमाण आणले. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये चपखल बसतो. गंमत अशी की महागड्या ब्रँडेड मशीनमध्ये हे प्रमाण पुष्कळदा पाळलेले नसते. बोर्डाचा आकार आणि एसएमपीएसचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस जळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला लागत नाही, कंपनीचाच शोधावा लागतो. मॅक स्टुडिओत तर रॅम नंतर वाढवताच येत नाही, पहिल्या दिवशी घेतली तेवढीच कायमची. 2013 चा गोल डब्यासारखा मॅक प्रो आतल्या उष्णतेच्या रचनेत असा अडकला की त्यात नवी दमदार ग्राफिक्स कार्डे बसवणे अवघड झाले, आणि 2017 मध्ये ॲपलच्या अधिकाऱ्यांनीच ते मान्य केले.

असेंबल मशीन टप्प्याटप्प्याने वाढवता येते. आज 32 जीबी रॅम, पुढच्या मोसमाच्या कमाईतून आणखी 32. आज मध्यम कार्ड, दोन वर्षांनी मोठे. आपल्या घरांसाठी ही सोय लाखमोलाची आहे, कारण महाग मशीन म्हटले की ईएमआयचा प्रश्न लगेच येतो. 'नो-कॉस्ट ईएमआय'च्या पाटीवर भुलू नये. त्यात बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. व्याजावरचा जीएसटी सहसा ग्राहकाच्या स्टेटमेंटवर वेगळा येतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे, त्यांनी ही रचना समजून घेऊन आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. सुटे भाग रोखीने घेत गेले तर हा पेच उद्भवतच नाही. फक्त 'रॅम नंतर स्वस्त होईल' हा जुना हिशेब आता खात्रीचा राहिलेला नाही. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव दुप्पट आणि त्याहून वर गेले.

असेंबल करताना फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते, ती म्हणजे एसएमपीएस. कोटेशनवर प्रोसेसर आणि कार्डाची नावे ठळक असतात आणि खाली नुसते '650 वॅट एसएमपीएस' लिहिलेले असते. ना कंपनी, ना मॉडेल. आपल्याकडच्या कमी-जास्त होणाऱ्या विजेत हाच भाग बाकी सगळ्यांना सांभाळतो. प्रत्येक भागाचे कंपनीसह मॉडेल लिहून मागावे, बिलावर सिरियल नंबर घ्यावेत. तयार झाल्यावर रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते आहे का हेही पाहावे. बायोसमध्ये एक पर्याय चालू केल्याशिवाय ती बहुधा कमी वेगाने चालते. आणि 'विंडोज फुकट टाकून देतो' याचा अर्थ चोरीची विंडोज. ज्यावर रोजी कमवायची, ते मशीन चोरीच्या मालावर सुरू करायचे का, हे घरात आधी ठरवावे.

देखभालीचे एक उदाहरण देतो. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीचे काही महागडे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होऊ लागले. 2024 मध्ये कंपनीने दुरुस्तीचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ब्रँडेड मशीन घेणाऱ्याला ते अपडेट कंपनीकडून आपसूक येण्याची शक्यता जास्त होती. असेंबल करणाऱ्याला बातमी स्वतः वाचून बायोस स्वतः बदलावा लागला. घरात असे वाचणारे, पेचकस हातात धरायला न घाबरणारे कुणी आहे का? मुलगी स्वतः असेल तर उत्तमच.

कुठल्याही निर्णयाआधी सॉफ्टवेअरची यादी करावी. उर्दू लग्नपत्रिका आणि पुस्तके छापणाऱ्याचे काम इनपेज आणि कोरल ड्रॉवर चालते; त्याला वर्कस्टेशनची गरजच नाही, साधा पीसी आणि चांगला मॉनिटर पुरे. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतात, तेव्हा आर्किटेक्चरच्या मुलाला मॅक घेऊन देऊ नये. फायनल कट प्रो मात्र विंडोजवर चालत नाही. ऑटोकॅड-रेव्हिटच्या रोजच्या कामाला थोडे पण वेगवान कोअर लागतात, रेंडरिंगला जास्तीत जास्त. हे कळले तर पैसा योग्य जागी जातो.

माझा कौल असा. शहरात किंवा शहराजवळ राहणाऱ्या, एकट्याने काम सुरू करणाऱ्या मुलाने-मुलीने ओळखीच्या, जुन्या दुकानातून असेंबल करून घ्यावे. त्यात वाचलेल्या पैशांतून आधी चांगला एसएमपीएस आणि प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्यावा, कारण साध्या यूपीएसवर काही चांगले एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात. ज्याचे काम सॉलिडवर्क्ससारख्या प्रमाणपत्रावर चालते, ज्याच्याकडे दोन-चार पगारी माणसे मशीनसमोर बसतात, किंवा जो बाजारापासून दूर आहे आणि एक दिवस काम थांबले तर ऑर्डर जाते, त्याने ब्रँडेड घ्यावे. धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावाने घ्यावे, 18 टक्के कराचे क्रेडिट मिळू शकते.

आणि बिल थर्मल कागदावरचे असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. ती अक्षरे वर्ष-दोन वर्षांत पुसट होतात, एसएसडीची वॉरंटी मात्र पुष्कळदा पाच वर्षांची असते.